पाहुण्याचे ऋण

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. फोंडे महालातील एका देवस्थानाच्या सभामंडपात आम्ही बसलो होतो. दुपारची महापूजा आटोपली होती, अग्रशाळेकडे प्रसादाची पाने मांडली जात होती, आणि इतक्यात नगारखान्याखालून प्रवाशांचा एक जथा आत आला. मंडळी सुशिक्षित व सभ्य दिसत होती. त्यांनी दीपमाळेपाशी छायाचित्रे काढली, सभामंडपातील हंड्या-झुंबरे न्याहाळली, आणि त्यांतील एक प्रौढ गृहस्थ सरळ गर्भकुडीच्या उंबरठ्याकडे निघाले. भटजींनी त्यांना थांबविले. "साहेब, येथून पुढे येऊ नये." गृहस्थ रागावले नाहीत; त्यांना केवळ आश्चर्य वाटले. "आम्ही इतक्या लांबून खर्च करून आलो आहोत. आत जाण्याचे काही तिकीट असेल तर तेही काढतो," असे ते म्हणाले. भटजींनी त्यावर काही उत्तर दिले नाही. त्यांनी तीर्थाचे भांडे पुढे केले.

त्या वेळी आम्हांस राग आला हे कबूल केले पाहिजे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर रागाची जागा एका जुन्या आठवणीने घेतली. पुष्कळ वर्षांपूर्वी ठाणे जिल्ह्यातील एका वारली पाड्यावर आम्ही मित्रमंडळींसह गेलो होतो. एका घराच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिलेला आहे असे कळले, आणि तो पाहण्याच्या उत्साहात आम्ही कोणास न विचारता आत शिरलो. आतल्या अंधारात घोंगडी पांघरून कोणी आजारी माणूस निजले होते. घरातील बाईने आम्हांस काही म्हटले नाही. ती बाजूला सरून उभी राहिली. चौक सुंदर होता. आम्ही त्याची वाखाणणी केली आणि निघून आलो. मंदिरात तिकीट मागणारा तो गृहस्थ आणि पाड्यावर न विचारता शिरलेले आम्ही, ह्यांत अधिक अपराधी कोण? त्याने निदान उंबरठ्याशी थांबून विचारणा केली होती.

दुसऱ्याची पवित्र वा पूर्वजांची भूमी पाहावयास जाणाऱ्याचा तेथे अधिकार तो कोणता, आणि त्याच्यावर येऊन पडते ते कर्तव्य कोणते, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. आपल्याच देवळाचे उदाहरण घेतले तर आपण न्यायाधीशही होतो आणि फिर्यादीही. म्हणून ज्यात आपला काडीचा हितसंबंध नाही असे दूरचे उदाहरण घेऊन विचार करावा आणि मग घरी परतावे, हे बरे. असे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात आहे. मेलबर्नच्या पश्चिमेस ३०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर बज बिम नावाचा एक निद्रिस्त ज्वालामुखी आहे. तो प्रदेश गुंडिच्मारा ह्या आदिवासी लोकांचा. आज गुंडिच्मारा वाटाडे प्रवाशांना बरोबर घेऊन ती भूमी दाखवितात. आम्ही तेथे गेलेलो नाही. जाण्यापूर्वी कोणत्या मनाने जावे, एवढ्यापुरताच हा विचार आहे.

बज बिम ह्याचा अर्थ उंच मस्तक. गुंडिच्मारांच्या परंपरेप्रमाणे सृष्टी घडविणारा एक आदिपुरुष भूमीतून वर आला; तो डोंगर त्याचे कपाळ आणि आसमंतातील सच्छिद्र लाव्हाचे दगड हे त्याचे दात. भूशास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मापनानुसार ह्या ज्वालामुखीचा उद्रेक सुमारे ३७,००० वर्षांपूर्वीचा ठरतो. हा उद्रेक प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांची स्मृती त्या कथेत उतरली असावी, अशी शक्यताही काही संशोधकांनी बोलून दाखविली आहे. ते सिद्ध होवो वा न होवो. लाव्हाचा ओघ सुमारे ५० किलोमीटर वाहत समुद्रापर्यंत गेला, त्याने ओढे-नाले अडविले, आणि त्या अडथळ्यांतून तळी व पाणथळ जमिनी निर्माण झाल्या, एवढे निश्चित. त्यांतील मुख्य सरोवर ताए राक. इंग्रजी नकाशांवर त्यास लेक कोंडाह असे नाव आहे.

ह्या पाण्यात कूयांग नावाचा मासा येतो. आपण ज्यास वाम म्हणतो त्याच सर्पाकृती जातीचा हा गोड्या पाण्यातील मासा. त्याचे आयुष्य मोठे विलक्षण आहे. तो नदी-तळ्यांत वर्षानुवर्षे राहतो, मोठा होतो आणि एका शरद ऋतूत प्रवाहाबरोबर खाली समुद्रास मिळतो. तेथून हजारो किलोमीटर उत्तरेस प्रवाळ समुद्राच्या उष्ण पाण्यात जाऊन तो अंडी घालतो व तेथेच मरतो. त्याची काचेसारखी पारदर्शक पिले समुद्रप्रवाहांबरोबर वाहत येतात आणि आईबाप ज्या नद्यांतून गेले तशाच नद्यांतून वर चढतात. माशाची ही ये-जा गुंडिच्मारांनी पिढ्यान्‌पिढ्या निरखली आणि तिच्याशी जुळेल अशी व्यवस्था उभी केली. कठीण काळ्या बेसाल्ट दगडांतून त्यांनी पाट खोदले. सुटे दगड रचून बांध घातले. पाणी चढते-उतरते तसे मासे कोठे वळतील, कोठे साठतील, हे ठरविले. बांधांतील फटींशी गवताच्या विणलेल्या लांब निमुळत्या टोपल्या लावल्या. त्यांतून मोठा मासा हाती येई आणि लहान निसटून जाई. काही मासे डबक्यांत जिवंत राखून ठेवीत. काही पोकळ झाडांच्या ढोलीत धूर देऊन टिकवीत व शेजाऱ्यांशी देवघेव करीत. जवळच दगडी पायाची गोलाकार घरे होती. पुरातत्त्वज्ञांनी ताए राकजवळच्या एका पाटाचे उत्खनन करून त्याचे वय सुमारे ६,६०० वर्षे ठरविले. मिसरातील पिरॅमिडांहून दोन हजार वर्षांनी जुने असे हे काम आहे.

आमच्या गोमंतकीय वाचकांना ह्यात काही ओळखीचे वाटेल. खाजन शेतीतील बांध, भरती-ओहोटीबरोबर आपोआप उघडझाप करणारे मानशीचे लाकडी दार, आणि त्या दाराशी सापडणारी मासळी व सुंगटे: पाण्याशी भांडण न करता त्याच्या स्वभावाचा उपयोग करून घेण्याची तीच बुद्धी येथेही आहे. ज्याने बांध पडलेले खाजन पाहिले आहे, त्याला हेही ठाऊक आहे की अशी व्यवस्था एकदा बांधून भागत नाही. ती दरवर्षी राखावी लागते. म्हणून ६,६०० वर्षे हा आकडा ऐकताना त्या दगडांचे वय मोजून थांबू नये. इतकी वर्षे कोणी तरी चिखल उपसला, निखळलेले दगड पुन्हा बसविले, आणि मुलास जवळ बसवून सांगितले की अमुक वाऱ्यानंतर मासे खाली येतात. तेथे लेखी पोथी नव्हती. पाठांतराने टिकलेल्या विद्येची किंमत आमच्या वेदपाठशाळांतील माणसांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ही भूमी बाहेरच्यांनी पूर्वी पाहिली नव्हती असे नाही. १८३४ साली पोर्टलंड येथे हेन्टी कुटुंबाने वसाहत केली. त्याच सुमारास तेथील किनाऱ्यावर येऊन पडलेल्या एका देवमाशाच्या मालकीवरून देवमाशांची शिकार करणाऱ्या गोऱ्यांनी गुंडिच्मारांवर गोळ्या चालविल्या, आणि त्यांतील अनेक माणसे मेली. पुढे मेंढ्यांचे कळप आले. १८४० नंतरची सुमारे दोन दशके युमेराला युद्ध ह्या नावाने ओळखली जाणारी झुंज चालली. दगडधोंड्यांनी भरलेला लाव्हाचा प्रदेश, जेथे घोडे चालत नाहीत, तोच गुंडिच्मारांचा किल्ला झाला. डोंगरास मेजर मिचेल ह्याने १८३६ साली ईल्स नावाच्या एका इंग्रज सैनिकाचे नाव दिले होते. पुढे नकाशा काढणाऱ्याच्या चुकीने ईल्सचे एक्लस झाले, आणि ते चुकलेले नाव दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले. ज्या डोंगरास आदिपुरुषाचे मस्तक म्हणत, त्यावर परक्या माणसाचे नाव आणि तेही अशुद्ध! पाहणाऱ्याने पाहिले, परंतु विचारले नाही, म्हणून त्याला दिसले नाही.

एक प्रसंग तर ह्याहून बोलका आहे. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन हा त्या काळी आदिवासींचा मुख्य संरक्षक म्हणून सरकारने नेमलेला अधिकारी होता. १८४१ साली तो गुंडिच्मारांच्या शेजारच्या, उत्तरेकडील प्रदेशात हिंडत असता एके ठिकाणी चर व बांध ह्यांनी व्यापलेली विस्तीर्ण जमीन त्याला आढळली. प्रथमदर्शनी ती त्याला सुधारलेल्या माणसांची करणी वाटली. जवळ जाऊन पाहता ती आदिवासींनीच वाम पकडण्यासाठी केलेली आहे हे त्याच्या ध्यानात आले, आणि तसे त्याने नोंदवून ठेवले. तो माणूस प्रामाणिक होता. पण त्याच्या आश्चर्यातच त्या काळाचा सारा न्याय दडलेला आहे. सुधारलेल्या माणसाचे काम दिसले तर त्यामागे मालक असला पाहिजे. आदिवासी दिसला तर जमीन बेवारस. ही जमीन कोणाचीच नव्हती, हे गृहीत ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले ते १९९२ साली, माबो ह्या खटल्याच्या निकालात.

मधल्या काळात काय घडले ते थोडक्यात सांगतो. १८६७ साली ताए राकजवळ एक मिशन स्थापन होऊन उरलेल्या लोकांना तेथे ठेवण्यात आले. १९१९ च्या सुमारास ते बंद झाले. सरोवराचे पाणी चर खणून काढून टाकण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या मध्यापर्यंत चालले, कारण गुरांना चराऊ जमीन हवी होती. ह्याच लेक कोंडाहचा रेजिनाल्ड सॉन्डर्स १९४४ साली ऑस्ट्रेलियन सैन्यातील पहिला आदिवासी अधिकारी झाला. त्याचा भाऊ हॅरी १९४२ साली न्यू गिनीत लढताना पडला. दुसरे महायुद्ध संपल्यावर मिशनची जमीन परतलेल्या सैनिकांना वाटण्यात आली, आणि त्यात गुंडिच्मारा सैनिकांना वाटा मिळाला नाही. ज्या देशासाठी लढले त्या देशाने त्यांचीच भूमी वाटताना त्यांस वगळले, ह्यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

१९८१ साली एक खटला झाला, तो नीतिविचाराच्या दृष्टीने आम्हांस फार मोलाचा वाटतो. पोर्टलंड येथे अॅल्युमिनियमचा मोठा कारखाना व्हावयाचा होता. त्या जागेत आपल्या पूर्वजांच्या खुणा आहेत म्हणून सँड्रा ओनस व क्रिस्टीना फ्रँकलंड ह्या दोन गुंडिच्मारा स्त्रियांनी कंपनीविरुद्ध फिर्याद केली. खालच्या न्यायालयाने म्हटले की तुमचा ह्या जागेशी संबंध काय? जागा तुमच्या मालकीची नाही, तुमचे पैसे बुडत नाहीत; तेव्हा तुम्हांस फिर्याद करण्याचाच अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो अधिकार मान्य केला. एखाद्या गोष्टीबद्दल कोणास नुसते प्रेम वा मत असणे वेगळे, आणि आपल्या लोकांच्या परंपरेने त्या खुणांचे राखणदार असणे वेगळे, हा भेद न्यायालयाने ओळखला. ह्या झगड्याची परिणती म्हणून १९८७ साली कायदा होऊन मिशनची जमीन गुंडिच्मारांस परत मिळाली. २००७ साली त्यांचा आदिम भूमिहक्क मान्य झाला. २०१० साली सरोवराच्या मुखाशी बांध घालून पाणी परत आणले गेले. २०१७ साली तेथील राष्ट्रीय उद्यानास बज बिम हे नाव मिळाले, आणि जुलै २०१९ मध्ये युनेस्कोने त्या भूमीस जागतिक वारशाचा दर्जा दिला. केवळ आदिवासी संस्कृतीच्या मूल्यासाठी हा दर्जा मिळालेले ऑस्ट्रेलियातील ते पहिलेच स्थळ. त्यानंतर काही महिन्यांतच वणव्याने गवत-झुडपे जळाली, आणि खाली लपलेले आणखी काही पाट उघडे पडले.

येथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की अखेर न्याय झाला. दगडांनी साक्ष दिली आणि जगाने ती मानली. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु ह्या समाधानात एक फास आहे. गुंडिच्मारांनी हे पाट खोदले नसते तर? ते आपल्या भूमीवर केवळ हिंडले असते, कंद खणले असते, शिकार केली असती, आणि मागे दगडावर दगड ठेवला नसता, तर ती भूमी हिरावून घेणे न्याय्य ठरले असते काय? पाटबंधारे पाहून आपण म्हणतो, "अहो, हे तर अगदी आपल्यासारखेच हुशार लोक!" ह्या उद्गारात आदर आहे खरा, पण मापाची पट्टी अजून जुन्या वसाहतवाल्याचीच आहे. बांधणारा तो माणूस, न बांधणारा तो उपरा, हे त्याचे सूत्र आपण नकळत पुढे चालवितो.

ऑस्ट्रेलियातही हा वाद झाला आहे. ब्रूस पॅस्को ह्या लेखकाने २०१४ साली 'डार्क इमू' ह्या पुस्तकात आदिवासी हे शेतकरी व बांधकाम करणारे होते असे आग्रहाने मांडले, आणि पुस्तक घरोघरी वाचले गेले. २०२१ साली मानववंशशास्त्रज्ञ पीटर सटन व पुरातत्त्वज्ञ केरिन वॉल्श ह्यांनी त्यास सविस्तर उत्तर दिले. शिकार व वेचणी करून जगणाऱ्यांचे ज्ञान आणि त्यांचा धर्म हे स्वतःच परिपूर्ण आहेत. त्यांना मान देण्यासाठी त्यांस शेतकरी ठरविण्याची गरज नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा एक धागा आहे. पुराव्याच्या तपशिलात कोण बरोबर, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. पण नीतीच्या प्रश्नावर आमचा कौल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

आपल्या देवस्थानांवरूनच पाहा. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश नदीपार प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. ही दुःखद स्मृती आपण चारशे वर्षांहून अधिक काळ जपली आहे, आणि ज्या गावांत आता त्या देवळांचा चौथराही ओळखू येत नाही त्या गावांची नावे देवाच्या नावाशी जोडून घेतो. आता असे समजा की त्याच गावाच्या सीमेवर एका वडाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता, राखणदाराचा. त्यास कळस नव्हता, शिलालेख नव्हता, इनाम नव्हते. तो दगड उपटून फेकला गेला तर अन्याय लहान झाला काय? ज्या गावकऱ्याचा तो रक्षक होता त्याच्या दृष्टीने तो लहान नव्हता. अन्यायाचे माप भग्न झालेल्या वास्तूच्या सौंदर्यावर अवलंबून नसते. तुटलेल्या नात्यावर असते. म्हणून बज बिमचे पाट पाहणाऱ्याने त्यांचे कौतुक मनमुराद करावे, पण त्यांस हक्काचे प्रमाणपत्र समजू नये. हक्क त्या पाटांच्या आधी होता.

हे एकदा ध्यानी आले की पैसे देऊन अशी भूमी पाहावयास जाण्याविषयीच्या शंकांकडे नीट पाहता येते. पहिली शंका अशी की पूर्वजांची भूमी तिकीट लावून दाखविणे म्हणजे तिची विक्रीच नव्हे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या देवळांतही अभिषेकाची पावती फाडली जाते, दक्षिणा असते, नारळ-फुले विकत मिळतात. त्यातून दिवाबत्ती होते, वाजंत्र्यांना व पुजाऱ्यांना वेतन मिळते, अग्रशाळेत पाने वाढली जातात. पैशाने पावित्र्य बाटते असे म्हणणारा मनुष्य देवळाचा जमाखर्च पाहत नसावा. पाहावयाचे ते एवढेच की पैसा कोणाच्या हाती जातो, आणि त्या पैशाने देणाऱ्याचा "नाही" म्हणण्याचा अधिकारही विकत घेतला जातो की काय. ताए राक येथे २०२२ साली मत्स्यसंवर्धनाचे केंद्र व उपाहारगृह सुरू झाले. तेथे कूयांगचे पदार्थ मिळतात, वाटाडे गुंडिच्मारा असतात, आणि भूमीची राखणही त्यांच्याच संस्थांकडे आहे. पाहुण्याने दिलेला पैसा यजमानाच्या घरात राहतो. ह्याच्या उलट, परक्या ठेकेदाराने गाडी आणावी, चार दगड दाखवावे, आणि त्या दगडांच्या वारसांनी दूर उभे राहून पाहावे, असेही जगात सर्रास चालते. तेथे तिकिटाची रक्कम तीच असली तरी व्यवहार वेगळा आहे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जो समाज आपले जगणे पाहुण्यांस दाखवू लागतो तो हळूहळू स्वतःचेच प्रदर्शन बनतो. विधी वेळापत्रकाप्रमाणे होतात, आणि मुलांना वाटू लागते की आजोबांची विद्या म्हणजे प्रवाशांसाठी सांगावयाची गोष्ट. हे भय खरे आहे. आपल्या जत्रांतही ते डोकावू लागले आहे. त्यावर एकच उपाय आम्हांस दिसतो: पाहुणे नसतानाही जे चालू राहते, त्यातलेच पाहुण्यांस दाखवावे. सरोवरात पाणी परत आले ते छायाचित्रांसाठी नव्हे. मासा परतावा म्हणून. तो परतला तर पाहुणा येवो वा न येवो, टोपली विणणाऱ्या हातांना काम आहे.

आणि दाखविण्याच्या अधिकारात न दाखविण्याचा अधिकार आलाच. ऑस्ट्रेलियाच्याच मध्यभागी उलुरू नावाचा प्रचंड एकसंध खडक आहे. तेथील अनंगू लोकांना ती भूमी १९८५ साली परत मिळाली, आणि खडक पवित्र आहे, त्यावर चढू नये, अशी विनंती ते प्रवाशांना वर्षानुवर्षे करीत आले. पुष्कळांनी ती मानली, पुष्कळ चढत राहिले. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये चढण कायमची बंद झाली. बंदीची तारीख जवळ येताच काय व्हावे? अखेरची संधी साधण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. यजमान हात जोडून "नको" म्हणत असता त्याच्या छातीवरून चालत जाण्याची ही घाई पाहिली की आमचा तो तिकीट मागणारा गृहस्थ आम्हांस फार सज्जन वाटू लागतो. तो निदान उंबरठ्याशी थांबला.

आपल्याकडे अतिथीला देव मानण्याची शिकवण आहे, आणि आपण ती यजमानाचे कर्तव्य म्हणून सांगतो. अतिथीचेही कर्तव्य असते हे बहुधा सांगावयाचे राहून जाते. वाढलेले पान त्याने आदराने घ्यावे. माजघरात डोकावू नये. घराची गुपिते चव्हाट्यावर मांडू नयेत. आणि निघताना आपण काही घेऊन चाललो आहोत ह्याची जाणीव ठेवावी. बज बिमच्या पाहुण्याच्या बाबतीत ही जाणीव विशेष आवश्यक आहे. नजर सरावलेली नसेल तर ते पाट आणि बांध म्हणजे गवतात विखुरलेले काळे दगड. मेंढपाळांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आणि त्यांना दगडच दिसले. वाटाड्या बोट दाखवून सांगतो, आणि मग दगडांतून पाट उमटतो, पाटातून पाणी, पाण्यातून मासा. तेथे डोळा पाहुण्याचा असतो आणि दृष्टी यजमानाची. तिकिटाने वाटाड्याचा वेळ मिळतो. दृष्टी तो आपखुशीने देतो, आणि जे आपखुशीने मिळते त्याचे ऋण राहते.

ते ऋण फेडावे कसे? एक भाग सोपा आहे. जे ऐकले ते नीट सांगावे, नावे शुद्ध उच्चारावी, जे सांगू नये म्हणून सांगितले ते सांगू नये. दुसरा भाग घरी परतल्यावर सुरू होतो, आणि तो कठीण आहे. दूरच्या गुंडिच्मारांसाठी आपला कंठ दाटून येतो. पण आपल्या गोमंतकात गावडा, कुणबी, वेळीप हे समाज आहेत, ज्यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. खाजनाचे बांध ज्यांच्या हातांनी उभे राहिले, त्यांत ह्यांचे हात पुष्कळ होते. पाहुण्यांपुढे त्यांची नृत्ये होतात, आपण टाळ्या वाजवितो. त्या नृत्याचा दिवस कोणता, ते कोठे करावे आणि कोठे करू नये, हे आपण त्यांस कधी विचारले आहे काय? आपल्या देवस्थानांच्या परंपरांत त्यांचा मान कोठे आहे, आणि तो कोणी ठरविला? ज्यांचे देव एकदा उठविले गेले त्या आपल्यासारख्यांना हे प्रश्न इतरांहून अधिक लवकर सुचावयास हवेत. विस्थापनाची स्मृती माणसाला दोन प्रकारे घडविते. तो आपलेच दुःख कुरवाळीत बसतो, किंवा दुसऱ्याच्या उंबरठ्याशी त्याचे पाऊल आपोआप थबकते. ह्यांपैकी कोणता परिणाम आपल्यावर झाला आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासावे. वारली पाड्यावरील त्या अंधाऱ्या घरात आमचे पाऊल थबकले नव्हते, हे आम्ही वर सांगितलेच आहे.

राहता राहिली सभामंडपातील गोष्ट. भटजींनी तीर्थ पुढे केले तेव्हा त्या गृहस्थांना काय करावे हे कळेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. शेजारी प्रसादासाठी थांबलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिने आपला उजवा हात पुढे करून, त्याची ओंजळ कशी करावयाची ते त्यांना दाखविले. त्यांनी तसे केले, तीर्थ घेतले, आणि तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही. मंडळी जाताना पंक्तीला बसूनच गेली.